पिनेची भोकं पडलेल्या नोटा आणि बहिणीशी झालेली वाटणी

पत्र थोडक्यात असं: “वडील बँकेत कॅशियर होते. नोकरीच्या काळात स्वतःचे पैसे भरून कोऱ्या नोटा बदलून घ्यायचे आणि जपून ठेवायचे. ते गेल्यावर मी आणि धाकट्या बहिणीने संग्रह वाटून घेतला. तिने एक रुपयाची पिनेतली अख्खी गड्डी आणि पाचाच्या नोटा घेतल्या. मी दहाच्या, विसाच्या आणि शंभराच्या घेतल्या. त्यात सहाव्या जॉर्जचं चित्र आणि सी. डी. देशमुखांची सही असलेली शंभराची एक मोठी नोट आहे. परवा एका प्रदर्शनात व्यापाऱ्याला अल्बम दाखवला, तर त्याने एकेक खोट काढली. डाव्या बाजूला पिनेची भोकं, भोवती गंज, काही नोटांना मधोमध घडी, काहींच्या कोऱ्या जागेत वडिलांच्या हातचे आकडे, विसाच्या एका नोटेची एक कड जास्त रुंद, शंभराच्या नोटेला मागून चिकटपट्टी. ‘सगळ्या मिळून घेतो’ म्हणाला आणि फारच कमी रक्कम सांगितली. तिथेच एक गृहस्थ भेटले. ते नोटा धुऊन, दाबून, भोकं बुजवून नव्यासारख्या करून देतात, मग परदेशी कंपनीकडून ग्रेडिंग, म्हणजे नोटेची अवस्था तपासून गुणांचं लेबल, करून घ्या म्हणतात. करून घेऊ का? बहिणीकडे कोऱ्या करकरीत नोटा गेल्या आणि माझ्या वाट्याला खराब आल्या. वाटणी पुन्हा करू या असं म्हणणं चुकीचं ठरेल का? पैशाची निकड नाही, पण मनाला लागलंय.”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो, कारण त्यात उशीर झाला तर नुकसान भरून येणार नाही. धुणं, दाबणं, भोकं बुजवणं यातलं काहीही करू नका. एकही नोट त्या गृहस्थांच्या हाती देऊ नका. का, ते पुढे सविस्तर सांगतो.

आता भोकांकडे येऊ. आपल्याकडे शंभर नोटांच्या गड्डीला तारेची पिन मारायची रीत कित्येक वर्षं होती. कोऱ्या गड्ड्याही पिन मारलेल्याच मिळायच्या. नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने १९४९च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ अ खाली बँकांना आदेश दिला की पिना बंद करा, कागदी पट्टी लावा, आणि नोटेच्या जलचिन्हाच्या कोऱ्या जागेत लिहिणं थांबवा. तुमच्या व्यापाऱ्याने काढलेले दोन दोष या एका आदेशात आहेत हे लक्षात घ्या. म्हणजे पिन मारणं आणि कोऱ्या जागेत आकडा टाकणं ही तुमच्या वडिलांची बेफिकिरी नव्हती. त्या काळात देशभरच्या कॅश काउंटरवर हेच चालायचं.

ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांनाही हे माहीत आहे. भारतीय नोटांच्या लेबलवर ‘स्टेपल होल्स ॲट इश्यू’ असा शेरा नेहमी दिसतो. नोट चलनात येतानाच ही भोकं तिला होती, असा त्याचा अर्थ. गिऱ्हाइकाने टाचणी टोचली, दुकानदाराने नोट खिळ्याला अडकवली, तर ती भोकं वेगळी धरली जातात. सगळी भोकं एकाच तराजूत टाकायची नसतात.

हा फरक घरबसल्या पाहता येतो. नोट खिडकीसमोर धरा, कडेला बोट लावून, छपाईवर नव्हे, आणि डाव्या बाजूची भोकं मोजा. पिनेच्या दोन टोकांची दोनच भोकं असतील, ती एका रेषेत आणि स्वच्छ असतील, तर ती नोट एकदाच गड्डीत बांधली गेली आणि एकदाच सुटली. चार, सहा, दहा भोकं थोडी थोडी सरकलेली दिसली, तर ती नोट पुन्हा पुन्हा बँकेत येऊन नव्याने पिनेत गेली आहे. अशी नोट कितीही टापटीप दिसली तरी बाजारात फिरलेली असते आणि कोपऱ्यांचा बोथटपणाही तेच सांगतो. तुमच्या दहाच्या आणि विसाच्या नोटा वडिलांनी थेट कोऱ्या गड्डीतून काढल्या असतील, तर बहुतेकींना एकच जोडी सापडेल. ती खोट जुन्या भारतीय नोटांचे संग्राहक मनावर घेत नाहीत.

गंजाची गोष्ट निराळी. भोक पडून गेलं, ते वाढत नाही. गंज मात्र दमट हवेत पसरत राहतो, भोवतालचा कागद तपकिरी आणि ठिसूळ करतो, आणि मग तेवढा तुकडाच गळून पडतो. म्हणून दोन नोटांना सारखीच भोकं असली तरी गंजाच्या कड्यावरून त्यांचा दर्जा वेगळा लागतो.

आणि आता तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्हाला परत वाचायला सांगतो. बहिणीकडची गड्डी ‘पिनेतली’ आहे असं तुम्ही लिहिलंय. पिन अजून जागेवर असेल, तर तिच्या शंभराच्या शंभर नोटांना तीच दोन भोकं आहेत. शिवाय लोखंडी तार इतकी वर्षं कागदात रुतून बसली आहे. गड्डी वरून करकरीत दिसते, पण आतल्या नोटांना पिनेभोवती गंज किती चढलाय हे तिलाही ठाऊक नसेल. तिच्या नोटा निर्दोष आणि तुमच्या खराब, हे तुम्ही गृहीत धरलंय. दोन्ही वाटे शेजारी ठेवून कोणी पाहिलेलेच नाहीत. व्यापाऱ्याने फक्त तुमचा अल्बम पाहिला.

शिवाय ती गड्डी कशाची? एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढत नाही, ती भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. या नोटांची छपाई १९९४ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या खंडामुळे लोकांना त्या दुर्मीळ वाटतात, पण त्या प्रचंड संख्येने छापल्या गेल्या होत्या, आणि कोऱ्या गड्ड्या हौसेने जपून ठेवणारी घरंही पुष्कळ होती. सामान्य सहीच्या, सामान्य वर्षाच्या नोटा आजही कोऱ्या मिळतात. त्यामुळे दोषांबद्दल एक गोष्ट पक्की समजून घ्या: नोट जितकी मुबलक, तितका दोष महागात पडतो. बिनघडीची दुसरी सहज मिळत असताना घडीची कोण घेईल? नोट दुर्मीळ असेल तर घेणारा घडी, भोक, शाईचा ठिपका सगळं पोटात घालतो, कारण पुढची कधी दिसेल याचा भरवसा नसतो. व्यापाऱ्याने तुमच्या सगळ्या नोटांना एकच माप लावलं, ते मला पटत नाही.

दुर्मीळ नोटेच्या दोषांना किती मान मिळू शकतो, याचं माझ्या आवडीचं उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या एकाच बाजूला छापलेल्या नोटा. मोठ्या रकमेची नोट टपालाने पाठवायची तर चोरीची भीती. मग लोक ती मधोमध कापायचे, एक अर्धं एका टपालाने धाडायचे, ते पोचल्याची खबर आली की दुसरं धाडायचे. घेणारा दोन्ही अर्धी मागून कागदाची पट्टी लावून जोडायचा. मागे हातोहात गेलेल्यांच्या सह्या आणि पेढ्यांचे शिक्के. आजच्या मोजपट्टीवर ही नोट फाटकी, चिकटवलेली, लिहिलेली, शिक्के मारलेली. पण तशी जोडलेली नोट समोर आली की जाणता संग्राहक तिच्यावरून नजर काढत नाही. कंपनी तिला वरचा आकडा देणार नाही हे खरं, आणि तो देऊही नये. पण आकडा आणि मोल या दोन गोष्टी आहेत.

आकड्यांबद्दल थोडं. ग्रेडिंगची ७० गुणांची मोजपट्टी मुळात नाण्यांची. विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये ती तिथल्या जुन्या सेंट नाण्यांसाठी मांडली आणि पुढे ती कागदी चलनालाही लावली गेली. ढोबळ हिशेब असा की ६० आणि वरच्या नोटेच्या छपाईवरून घडी गेलेली नसावी. मधोमध एक हलकी घडी पडली की नोट पन्नाशीत उतरते, घड्या वाढल्या की चाळीस, तीस, वीस. साठीच्या वर मग बारकाव्यांचा खेळ सुरू होतो: कडा चारही बाजूंनी सारख्या आहेत का, कोपरा टोकदार आहे का, मोजताना पडलेली लवण, म्हणजे हलका बाक, दिसते का. तुमच्या एका विसाच्या नोटेची एक कड जास्त रुंद आहे असं तुम्ही लिहिलंय. ती कापताना सरकली असणार. असल्या फरकाने वरच्या गुणांतला एखादा गुण जातो, नोट वाया जात नाही. आणि ती ‘मिसप्रिंट’ आहे, तिचे लाखो मिळतील असं कोणी सांगितलं तर तेही खरं मानू नका. छपाईची खरी चूक म्हणजे कापण्याआधी कागद दुमडला जाऊन राहिलेला जादा तुकडा, दोन जागी न जुळणारे क्रमांक किंवा एखादा रंगच न उमटणं.

घडीतही घडी असते. नोट वाकून सरळ झाली आणि रेघ उरली नाही, ती लवण. तिरप्या उजेडात रेघ दिसते, पण शाई शाबूत आहे, ती हलकी घडी. रेघेवरची शाई उडून कागदाचा पांढरा तंतू दिसू लागला, ती पक्की घडी. टेबलावर नोट ठेवा, खोलीतला दिवा मालवा, टॉर्च टेबलालगत आडवा धरा आणि नोट हळूहळू फिरवा. डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या नोटेवर तीन-तीन घड्या उगवलेल्या दिसतील.

याच आडव्या उजेडात त्या धुणाऱ्या-दाबणाऱ्यांची कारागिरीही उघडी पडते. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा आणि वर खळ चढवलेला असतो, त्यामुळे कोरी नोट करकरते. छपाईतली जाड शाई बोटाला उंचवट्यासारखी लागते, आणि पुष्कळ नोटांवर क्रमांक छापताना पडलेला दाब मागच्या बाजूने दिसतो. नोट पाण्यात गेली की खळ सुटते आणि कागद लोळागोळा होतो. मग तो ताठ करायला स्टार्च लावतात, इस्त्री फिरवतात, आणि इस्त्रीखाली ते उंचवटे आणि तो दाब सपाट होतात. नोट गुळगुळीत होते, चकाकतेही, पण तिचं अंग गेलेलं असतं. साबणाने धुतली असेल तर आणखी एक पुरावा राहतो. खऱ्या नोटेचा कागद अतिनील दिव्याखाली मंदच दिसतो, पण कपड्यांच्या साबणातली पांढरेपणाची द्रव्यं कागदात शिरली की तो निळसर उजळतो. छोटा अतिनील टॉर्च बाजारात स्वस्तात मिळतो. नोटा विकत घेणाऱ्या प्रत्येकाने तो खिशात ठेवावा.

भोकं बुजवायला दुसऱ्या कागदाचा लगदा भरतात. तो उजेडासमोर धरला की गडद किंवा फिकट ठिपका होऊन दिसतो. ग्रेडिंग कंपनीत रोज हेच पाहणारी माणसं बसलेली असतात. २००५ पासून काम करणाऱ्या पेपर मनी गॅरंटी या कंपनीत कागद मूळ अवस्थेत असेल तरच ‘ईपीक्यू’ (एक्सेप्शनल पेपर क्वालिटी, म्हणजे कागदाचा उत्तम दर्जा) ही खूण मिळते आणि दुरुस्ती आढळली तर तसा शेरा लिहिला जातो. म्हणजे एरवी ‘चलनात येतानाची भोकं’ एवढंच लिहिलं गेलं असतं, तिथे ‘दुरुस्त केलेली’ असं लिहिलेलं लेबल तुम्ही स्वतः पैसे मोजून घ्याल.

आणि समजा कोणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही ती नोट ‘मूळची कोरी’ म्हणून विकली. घेणाराही तुमच्यासारखाच कोणीतरी असणार, निवृत्तीच्या पैशातून हौस करणारा. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे पै न् पै मोजून दिले, त्यांच्याच नोटांवर हा व्यवहार करायची तुमची तयारी असेल असं तुमचं पत्र वाचून मला वाटत नाही.

वडिलांच्या हातचे आकडेही पुसू नका. खोडरबर फिरला की शाई फिकी होते आणि कागदाचा वरचा थर सोलवटतो, म्हणजे एका दोषाचे दोन होतात. लिखाण असलेल्या साध्या दहाच्या नोटेला बाजारात फारसं काही मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ती विकायची कशाला? त्या नोटा वेगळ्या काढा आणि कोणत्या शाखेत, साधारण कोणत्या वर्षी त्यांनी त्या घेतल्या हे आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. चिठ्ठी वेगळी, नोटेवर एक अक्षरही नको. तुमच्या आणि बहिणीच्या मुलांसाठी त्याच सगळ्यांत मोलाच्या नोटा आहेत.

शंभराच्या नोटेसाठी मात्र मी वेगळं सुचवतो. सी. डी. देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या रायगड जिल्ह्यातले. १९४३ ते १९४९ ते त्या पदावर होते. सहाव्या जॉर्जच्या शंभराच्या नोटेवर त्यांच्या आधीच्या जे. बी. टेलर यांची सहीही आढळते आणि देशमुखांचीही. या नोटेवर गावाचं नाव छापलेलं असतं: मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली, कानपूर, कराची, लाहोर यांपैकी एक. सगळी गावं सारखी मिळत नाहीत, म्हणून भिंगाने ते नाव आधी वाचा. त्यावर बरंच काही ठरेल, आणि व्यापाऱ्याने ते वाचलं होतं का, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही.

या नोटा आकाराने मोठ्या. पाकिटात, कमरेच्या पिशवीत मावायच्या तर घडी घालणं भागच होतं, म्हणून मधली घडी आणि टाचणीची भोकं यांच्याशिवायची नोट क्वचित दिसते. तिथे घडीचं वाईट वाटून घेऊ नका. चिकटपट्टीची चिंता खरी आहे. तिचा डिंक पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि समोरच्या बाजूला पारदर्शक डाग उमटवतो. पण ती ओढून काढू नका. पट्टीबरोबर छपाईही सोलून येते. हे काम कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, असा तज्ज्ञ कुठे भेटेल याची चौकशी तिथून सुरू करा. संवर्धक काय केलं हे लिहून देतो, आणि विकताना ते तुम्ही घेणाऱ्याला दाखवता. तुमच्या त्या गृहस्थांचं काम केलेलं लपवण्यावर चालतं, हाच मोठा फरक.

व्यापाऱ्याबद्दल. त्याने दाखवलेले दोष खरे असतील. पण दोष दाखवणं आणि भाव ठरवणं ही कामं घेणाऱ्याच्याच तोंडून एका दमात झाली की थांबायचं. ‘सगळ्या मिळून’ हे शब्द ऐकले की तर नक्कीच, कारण अशा ढिगात एखादीच नोट त्याला हवी असते. लिलावांत त्याच सहीची, त्याच गावाची, साधारण तशाच अवस्थेतली नोट प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा. विक्रेत्याने लावलेली किंमत काहीही असू शकते. उलट टोकाचंही भान ठेवा: जुन्या नोटेला लाखो देतो, आधी नोंदणी शुल्क भरा, असे निरोप मोबाइलवर फिरतात, आणि त्यात रिझर्व्ह बँकेचं नावही वापरलं जातं. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना याबद्दल सावध केलं होतं. ती अशा व्यवहारात नसते आणि शुल्कही घेत नाही.

आता बहीण. वाटणी पुन्हा करू या असं म्हणणं चुकीचं नाही, पण आज म्हणणं घाईचं आहे. कोणाचा वाटा किती जड हे तुम्हाला माहीत नाही, आणि देशमुखांच्या सहीची नोट तुमच्याकडे आहे. दोघांच्या नोटांचं खरं मोल काढलं तर वाटणी तुमच्या विरुद्ध फिरू शकते, तेव्हाही ती बदलायची तुमची तयारी आहे का? याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो विषय तिच्यापाशी काढू नका. ‘हो’ असेल तर तिला तसंच सांगा: दोघांच्या नोटा एकत्र बसून बघू, यादी करू, आणि फार तफावत निघाली तर कोणाकडेही झुकलेली असो, सारखी करू. निकड नसल्याने तुम्हाला वेळही आहे.

तिला फोन मात्र आजच करा, गड्डीसाठी. पिन उपटून काढू नका म्हणावं, गंजलेली तार कागद फाडत बाहेर येते. आधी नीट पाहावं. पिन कोरडी, स्वच्छ असेल तर गड्डी आहे तशी ठेवावी, अख्ख्या गड्डीला वेगळी मागणी असते. गंज चढत असेल तर पिनेचे पाय मागून पातळ चिमट्याने सरळ करून, मध्ये कागदाचा तुकडा ठेवून, सावकाश वर उचलायचे. हे दोघांनी मिळून केलेलं बरं, एकाने धरायला आणि एकाने काढायला.

तुमच्या अल्बमची पानं मऊ आणि वास येणाऱ्या प्लास्टिकची असतील तर पावसाळ्यापूर्वी बदला. ते पीव्हीसी असतं आणि कालांतराने तेलकट होऊन शाईला चिकटतं. पॉलिएस्टरची पानं घ्या. लॅमिनेशन कधीच नको. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डांबराच्या गोळ्या नोटांजवळ नकोत, आणि कसर लागली नाही ना हे अधूनमधून पाहा.

ग्रेडिंगसाठी सगळा अल्बम पाठवू नका. साध्या दहा-विसाच्या नोटांना फी आणि टपालखर्चच जास्त होईल. शंभराची नोट आधी संवर्धकाला दाखवा, तो म्हणेल त्याप्रमाणे पट्टीचं ठरवा, आणि नंतरच ती एकटी पाठवा. आकडा विशीत आला तरी बिचकू नका. लेबलवर देशमुखांची सही, गाव आणि दोषांचा शेरा बिनचूक लिहिला गेलाय का तेवढं तपासा, आणि चुकलं असेल तर दुरुस्तीसाठी लगेच परत पाठवा.